चिखलाचे पाय, कोरडी चटई : चालून आल्यावर कुत्र्याला घेऊन इंग्लंडच्या खेड्यातल्या पबात

पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातल्या ईडेल गावात शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास पबात शिरलात, की आधी जाणवते ती ऊब, मग जळत्या लाकडांचा आणि ओल्या लोकरीचा वास. डोळे सरावले की टेबलांखाली कुत्री दिसायला लागतात. एक, दोन, पाच. कोणी चटईवर मुटकुळं करून झोपलंय, कोणी धन्याच्या बुटावर हनुवटी टेकवून पडलंय. भुंकणं नाही, ओढाओढ नाही.

ही कुत्री जन्मतः शांत नसतात. त्यांच्यामागे कोणीतरी घरी बसून घेतलेली मेहनत असते. माझी चिंगी म्हणजे स्प्रिंगर आणि कॉकर स्पॅनियलचा संकर, वजन सोळा किलो, अंगात दम अमाप. तिच्याबरोबर पाच वर्षं हे करत आल्यावर माझं ठाम मत झालंय, की कुत्रं पबात नीट बसणार की नाही हे पबात ठरतच नाही. ते ठरतं पंधरा दिवस आधी घरच्या हॉलमध्ये, आणि त्या दिवशी पबाच्या दारात उभं राहायच्या आधीच्या अर्ध्या तासात. इकडे राहणाऱ्या आपल्या बऱ्याच घरांत आता कुत्री आली आहेत आणि हा प्रश्न मला सारखा विचारला जातो, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

आधी पब म्हणजे काय ते

आपल्याकडे पब म्हटलं की डोळ्यांसमोर मोठ्या आवाजातलं संगीत आणि अंधार येतो, नाहीतर परमिट रूम. माझे आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा आई पबाच्या उंबऱ्याशीच थबकली होती. आत एक आजीबाई चहा पीत शब्दकोडं सोडवत होत्या आणि त्यांच्या शेजारी दोन पोरं चित्रं रंगवत होती, ते पाहून ती आत आली. पब हे ‘पब्लिक हाउस’चं लघुरूप आहे आणि खेड्यात ते अजून तसंच आहे. गावाची बैठकीची खोली. तिथे दारू प्यायलाच हवी असं नाही. चहा, कॉफी, लिंबाचा सोडा मागितला तर कोणी वळूनही पाहत नाही.

कुत्र्यांबद्दलचा कायदा साधा आहे. जिथे अन्न शिजवतात, हाताळतात तिथे कुत्रं चालत नाही. गिऱ्हाईक बसतं तिथे येऊ द्यायचं की नाही हे पबवाल्याने ठरवायचं. अंध किंवा अपंग व्यक्तींच्या मदतनीस कुत्र्यांची गोष्ट वेगळी, त्यांना 2010 च्या समानता कायद्याचं संरक्षण आहे. आपलं कुत्रं मात्र पाहुणा. त्यामुळे एका पबात ते सगळीकडे चालतं, दुसऱ्यात फक्त फरशीच्या बाजूला म्हणजे बारमध्ये चालतं, गालिच्याच्या बाजूला म्हणजे जेवणघरात नाही, तिसऱ्यात फक्त बागेत. ‘डॉग्ज वेलकम इन द बार’ असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ शब्दशः तेवढाच घ्यायचा.

म्हणून फोन करा. वेबसाइटवर विसंबू नका. पबाचा मालक बदलला की नियम बदलतात आणि वेबसाइट तशीच राहते. एकदा आम्ही दहा मैल चालून भिजून एका पबाशी पोचलो आणि कुत्रं आता चालत नाही म्हणून दारातूनच परतलो. फोनवर चार गोष्टी विचारा. कुत्रं आत चालेल का आणि कोणत्या भागात. त्या भागात जेवण मिळतं का. स्वयंपाकघर किती ते किती चालू. चिखलाचे बूट चालतील का. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पब दिवसभर उघडा असला तरी बऱ्याच ठिकाणी दुपारी अडीच-तीनला स्वयंपाकघर बंद होतं ते संध्याकाळी सहापर्यंत. खेड्यातले कितीतरी पब सोमवारी बंदच असतात. रविवारचं रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचं खास जेवण, संपलं की संपलं, त्यामुळे रविवारी टेबल राखून ठेवल्याशिवाय जाऊ नका. पहिल्या खेपेला तर रविवार नकोच. मंगळवार ते गुरुवार, जेवणाची गर्दी ओसरल्यावर, अर्ध्या तासासाठी जा. कुत्र्याची पहिली आठवण शांत असू दे.

चटई

बाथरूमच्या दारात घालतो तसली, खाली रबर असलेली छोटी चटई घ्या. पबातली दगडी फरशी थंड असते, हे एक कारण. दुसरं मोठं कारण असं, की चटई म्हणजे कुत्र्याला ओळखीची जागा. घरची जागा गुंडाळून काखेत मारून नेता येते.

पहिल्या दिवशी चटई अंथरा आणि काही बोलू नका. कुत्र्याचे चारही पाय चटईवर आले की खाऊचा बारीकसा तुकडा चटईवर, त्याच्या पुढच्या दोन पायांच्या मधे ठेवा. हातातून उंचावरून देऊ नका. वरून दिलं की मान वर राहते आणि नजर तुमच्या हाताला चिकटते. खाली ठेवलं की नाक खाली, मान खाली, आणि चार-पाच वेळात कुत्रं आपणहून बसतं, मग आडवं होतं. आडवं झालं की पुढचा तुकडा. पाच मिनिटांत आटपा आणि चटई उचलून ठेवा. ती कायम पडून राहिली तर तिचं महत्त्व जातं.

दिवसातून दोनदा हे करा. तीन-चार दिवसांनी तुकड्यांमधलं अंतर वाढवा, पाच सेकंद, दहा, तीस. मग तुम्ही खुर्चीवर बसून चहा प्या आणि कुत्रं टेबलाखाली. मग विघ्नं आणा. चमचा पाडा, खुर्ची सरकवा, घरातल्या कोणाला तरी हातात ताट घेऊन शेजारून जायला सांगा. ही शेवटची तालीम टाळू नका, कारण पबात दर दोन मिनिटांनी कुत्र्याच्या नाकावरून मटणाचं ताट जातं. घरात जमलं की चटई अंगणात न्या, मग एखाद्या कॅफेच्या बाहेरच्या टेबलाशी. त्यानंतर पब. चिंगीला याला तीन आठवडे लागले. शेजारच्या, शर्यतींतून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंडला दोन दिवस पुरले. घाई करू नका.

पिशवीत काय

चटई. दोन टॉवेल, एक पायांना, एक अंगाला. अंग सुकवणारा कापडी कोट असला तर उत्तम, तो घातला की कुत्रं सुकतंही आणि गार फरशीवर कुडकुडतही नाही. पाणी आणि घडीचं भांडं. शी उचलायच्या पिशव्या आणि त्या भरल्यावर ठेवायला झाकणाचा डबा, कारण डोंगरात कचरापेट्या नसतात आणि पिशवी झाडाला लटकवून पुढे जाणं हा त्या वाटेचा अपमान आहे. गोचीड काढायचा प्लॅस्टिकचा आकडा. चघळायला वेळ लागेल असं काहीतरी. आणि साधी, लांबी न बदलणारी दीड मीटरची लीड, म्हणजे कुत्र्याला धरायची दोरी. बटण दाबलं की लांबणारी लीड पबात आणू नका. तीन ग्लास हातात घेऊन येणाऱ्या माणसाला ती दोरी दिसत नाही.

गळपट्ट्यावर मालकाचं नाव आणि पत्ता असणं इथे 1992 पासून कायद्याने सक्तीचं आहे. मायक्रोचिपही सक्तीची आहे, तरी बिल्ला लागतोच.

वाट

उदाहरणादाखल माझी आवडती फेरी सांगते. मँचेस्टर किंवा शेफील्डहून लोकल गाडीने ईडेल. रेल्वेत एका प्रवाशाला दोन कुत्री फुकट नेता येतात, फक्त सीटवर चढवायची नाहीत. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा, एक्सप्लोरर मालिकेतला, केशरी मुखपृष्ठाचा, ओएल 1. त्यात एक किलोमीटर चार सेंटिमीटरमध्ये मावतो, पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात आणि पब निळ्या रंगातल्या बिअरच्या मगाने. फेरी आखायची ती या मगापासून उलटी, म्हणजे पब शेवटी येईल अशी.

गावाकडे पाठ करून दक्षिणेला चढायला लागायचं ते हॉलिन्स क्रॉसच्या खिंडीपर्यंत. ईडेलला स्वतःचं चर्च नव्हतं त्या काळी गावकरी प्रेतं याच वाटेने पलीकडच्या कॅसलटनला दफनासाठी नेत. खिंडीतून उजवीकडे वळलं की फरसबंद धारेने मॅम टोर, उंची 517 मीटर. नावाचा अर्थ आई-डोंगर असा लावतात. ही आई सतत घसरत असते. तिच्या कुशीतून जाणारा मोठा रस्ता दरडींपुढे हात टेकून 1979 मध्ये कायमचा बंद केला. परत येऊन ईडेलमध्ये उतरायचं. रमतगमत तीन तास. उत्तरेला समोर दिसतं ते किंडर स्काउटचं पठार. 24 एप्रिल 1932 ला शेकडो कामगार जमीनदारांची बंदी मोडून तिथे चढले आणि त्यांतले काही तुरुंगात गेले. पीक डिस्ट्रिक्ट 1951 मध्ये ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. आपण आज कोणाची परवानगी न विचारता कुत्रं घेऊन तिथे फिरतो, त्याच्या मुळाशी ही माणसं आहेत. मला तिथून जाताना त्यांची आठवण येतेच.

वाटेवरचे नियम मोजकेच, पण कडक पाळा. मेंढ्या दिसल्या की लीड, मग तुमचं कुत्रं कितीही गुणी असो. मेंढ्यांच्या मागे लागलेल्या कुत्र्याला शेतकऱ्याने काही परिस्थितीत गोळी घातली तर कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. खुल्या माळरानावर 1 मार्च ते 31 जुलै दोन मीटरपेक्षा लांब नसलेली लीड बंधनकारक आहे, कारण पक्षी जमिनीवर घरटी करतात. गाईंचं उलटं. गाई अंगावर धावून आल्या तर लीड सोडून द्या. त्यांचा रोख कुत्र्यावर असतो, कुत्रं पळून स्वतःला वाचवतं, आणि लीड धरून ठेवली तर तुम्ही तुडवले जाता. हे सहज हातून होत नाही, म्हणून गाईंच्या शेतात शिरण्याआधी मनाशी घोकून ठेवा.

दगडी कुंपणांतून जायला जागोजागी चढउताराच्या पायऱ्या किंवा अरुंद फटी असतात. काही ठिकाणी शेजारी कुत्र्यासाठी वर ओढायची फळी असते, काही ठिकाणी नसते. मोठं कुत्रं असेल तर त्याला उचलून पलीकडे देता येईल का याचा आधी विचार करा. आणि उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर निळसर हिरवा तवंग दिसला तर कुत्र्याला थेंबभरही पिऊ देऊ नका. ते शेवाळं काही तासांत जीव घेऊ शकतं.

दाराबाहेरचा अर्धा तास

पब नजरेच्या टप्प्यात आला की चाल मंदावा. शेवटचा अर्धा मैल लीडवर, हुंगत हुंगत. चेंडूमागे पळून आलेलं कुत्रं दमलेलं असतं पण तापलेलंही असतं, आणि तापलेलं कुत्रं बसत नाही. शी-शू इथेच उरकून घ्या.

मग पुसणं. हे काम मी दाराबाहेरच्या बाकावर सावकाश करते. आधी पोट, कारण सगळा चिखल तिथे लोंबत असतो. मग कान, आतून-बाहेरून. मग एकेक पाऊल, बोटांच्या मधे टॉवेलचं टोक घालून. चिंगी तिसऱ्या पायापर्यंत उभी राहते, चौथ्याला बसकण मारते, मग तो बसूनच पुसावा लागतो. पुसताना हाताला काय लागतं त्याकडे लक्ष द्या. कानामागे, काखेत, जांघेत मसुराएवढा मऊ फुगीर दाणा लागला तर ती गोचीड. आकडा कातडीलगत सरकवायचा, हळूहळू फिरवत उचलायचा, चिरडायची नाही. कोट चढवा. तुमचेही बूट खरवडा. दोन घोट पाणी पाजा. पाचेक मिनिटं नुसतं बसा. ज्या दिवशी मी ही पाच मिनिटं वाचवायला गेले, त्या दिवशी आत वीस मिनिटं चिंगीला समजावण्यात गेली.

आत

आधी एकाने एकट्याने आत डोकावावं. जागा कुठे आहे, कुठे दुसरं कुत्रं आहे, पबाचं स्वतःचं कुत्रं कुठे पहुडलंय, हे पाहून या. पबाच्या कुत्र्याची शेकोटीपुढची जागा त्याचीच. मग लीड आखूड धरून, कोणाला न भेटवता, सरळ ठरलेल्या टेबलाशी जा. कोपरा किंवा भिंतीची कड उत्तम. शौचालयाची वाट, स्वयंपाकघराचं दार आणि बारसमोरची मोकळी जागा टाळा. शेकोटीला फार चिकटू नका. म्हाताऱ्या कुत्र्यांना ऊब सोडवत नाही आणि धाप लागेपर्यंत ती तिथेच पडून राहतात.

चटई टेबलाखाली. लीड तुमच्या बुटाखाली दाबलेली. टेबलाच्या पायाला कधीच बांधू नका. पहिल्या वर्षी एका पबाच्या बागेत मी ती हलक्या टेबलाच्या पायात अडकवली होती. मांजर दिसलं, चिंगी उठली, टेबल आडवं झालं, दोन ग्लास फुटले, आणि मागून घासत येणाऱ्या टेबलाला घाबरून ती रस्त्याच्या दिशेने सुटली. एका आजोबांनी लीडवर पाय ठेवला म्हणून ती आज आहे.

इथे ऑर्डर घ्यायला सहसा कोणी येत नाही. एकाने कुत्र्यापाशी बसायचं, दुसऱ्याने टेबलाचा नंबर लक्षात ठेवून बारवर जायचं. रांग दिसत नाही, पण असते. आपल्या आधी कोण आलं हे प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि चुकून तुम्हाला आधी विचारलं तर ‘यांचा नंबर आहे’ असं म्हणायचं. हात हलवून बोलावायचं नाही. बारवर टिप अपेक्षित नसते. बिअरमध्ये नवखे असाल तर लाकडी मुठीच्या हातपंपातून येणारी एल, म्हणजे इथली पारंपरिक बिअर, अर्धा पाइंट मागून पाहा. ती तळघराच्या गारव्यात, साधारण बारा अंशांवर ठेवलेली असते, बर्फगार नसते आणि तशीच चांगली लागते. चव बघायला घोटभर मागितली तर आनंदाने देतात.

कोणी विचारल्याशिवाय कुत्र्याला हात लावायला आलं, विशेषतः लहान मूल, तर हसून ‘थोडं थांब, ती आराम करतेय’ असं सांगायला संकोचू नका. कुत्रं उठबस करायला लागलं, जांभया देऊ लागलं, ओठ चाटू लागलं, तर ते कंटाळलंय किंवा अवघडलंय. एकदा बाहेर चक्कर. परत तेच झालं तर उरलेलं जेवण डब्यात घेऊन निघा. भुंकत्या कुत्र्याला घेऊन पुडिंगची वाट पाहणं इतरांवर अन्याय आहे, आणि कुत्र्यावरही.

ताटात काय, चटईवर काय

शाकाहारी मंडळींनी तीन गोष्टी विचाराव्या. चिप्स कशात तळता? उत्तर इंग्लंडात त्या गोमांसाच्या चरबीत तळण्याची जुनी पद्धत आहे. यॉर्कशर पुडिंग, म्हणजे रोस्टबरोबर येणारा पिठाचा फुगीर, तिखट-गोड नसलेला पदार्थ, तोही त्याच चरबीत भाजलेलं असू शकतं. शाकाहारी रोस्टवर ग्रेव्ही कोणती घालता? न विचारल्यास मांसाची येऊ शकते. आणि पिणारे असाल तर, पारंपरिक एल निवळायला माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात, तेव्हा व्हीगन बिअर कोणती ते विचारा. कोणी चिडत नाही, रोजचे प्रश्न आहेत.

आता कुत्र्याचं. माझ्या सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत, त्यावरून आमच्या घरी नियम झाला: चिंगीला बारमाही चातुर्मास. कांदा आणि लसूण कच्चे, शिजलेले, पूड केलेले, कसेही असोत, कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतात, आणि लक्षणं कधीकधी काही दिवसांनी दिसतात. पबाच्या ताटात कांदा लपलेला असतो: ग्रेव्हीत, सॉसेजमध्ये, रोस्टबरोबरच्या स्टफिंगमध्ये, चीज-पावाच्या थाळीत व्हिनेगरमधला अख्खा. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडं निकामी करू शकतात, म्हणून नाताळचं पुडिंग टेबलावरून खाली पडू देऊ नका. चॉकलेट नको. साखरविरहित च्युइंगम पर्समध्ये असेल तर पर्स वर ठेवा, त्यात साखरेऐवजी घातलेल्या झायलिटॉलने कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्याने कोसळते. शिजवलेली हाडं चिरफळतात. बिअर तर घोटभरही नाही.

शेजारचे लोक प्रेमाने काहीतरी पुढे करतातच. मी आधीच चिंगीच्या खाऊचे दोन तुकडे त्यांच्या हातावर ठेवते, त्यांनाही देण्याचा आनंद मिळतो. काही चुकून पोटात गेलंच तर लक्षणांची वाट पाहू नका. काय, किती, केव्हा खाल्लं हे सांगून लगेच पशुवैद्याला फोन करा, रात्र असेल तर ॲनिमल पॉइझनलाइन या प्राण्यांच्या विषबाधेवर सल्ला देणाऱ्या फोनसेवेला. ती सेवा चोवीस तास असते, सशुल्क आहे. दमवणाऱ्या चालीनंतर लगेच भरपेट जेवणही घालू नका. थोडं चघळायला द्या, खरं जेवण घरी.

निघताना

चटई गुंडाळा, केस पडले असतील तर टॉवेलने गोळा करा, ग्लास बारवर नेऊन द्या आणि आभार माना. पुढच्या वेळी तुमचं कुत्रं नावानिशी ओळखतात. ईडेलमध्ये स्टेशनाजवळ एक पब आहे आणि वर गावात 1577 सालचा म्हणून ओळखला जाणारा ओल्ड नॅग्स हेड आहे, जिथून 268 मैलांची पेनाइन वे ही पायवाट सुरू होते. तिथून स्टेशन दहा-पंधरा मिनिटं खाली, त्यामुळे परतीच्या गाडीची वेळ बसल्याबसल्याच पाहून ठेवा. गाडी चालवून आला असाल तर चालवणाऱ्याने लिंबाचा सोडाच प्यावा, आणि जेवताना कुत्र्याला गाडीत ठेवणं हा पर्याय नाही. बंद गाडी सौम्य उन्हातही भट्टी होते.

घरी पोचल्यावर पुन्हा एकदा कान, काखा, बोटांच्या फटी उजेडात तपासा. सुटलेली गोचीड इथेच सापडते. टॉवेल आणि चटई मशीनमध्ये टाका, पण सुवासिक कंडिशनर घालू नका. मी एकदा घातला होता. चिंगी चटईभोवती दोनदा फिरली, हुंगली, आणि शेजारच्या फरशीवर जाऊन बसली.